दुसरी ओळ

अर्जाच्या तळाशी दोन ओळी असतात.
पहिलीवर इम्केची सही,
उजवीकडे झुकलेली, बस चुकेल अशा घाईची.
दुसरी रिकामी.
नियम मी केलेला नाही.
बावीस वर्षं मी या टेबलामागून फक्त सांगत आलेय:
ताबा दोघांचा असेल, तर संमती दोघांची.
एका सहीवर आम्ही मुलाकडून साधं झाडही काढून घेत नाही.

मुलगी सात वर्षांची. फेन्या.
शाळेत चौदा महिने एक अक्षर नाही.
हजेरीत नाव आलं की बाकावरून एक बोट उचलते, तेवढंच.
घरी मात्र, इम्के सांगते, तोंडाचा पट्टा चालू:
टबात जहाजं, जहाजांना नावं, नावानावांत भांडणं.

मार्चमधली तारीख गेली.
ती ज्या मुलाला दिली त्याचे आईबाप
एकाच पेनाने, एकमेकांकडे न बघता, सह्या करून गेले.
मेमधलीही गेली.
इम्के फोनवर म्हणाली, एका रेघेपाशी घोडं अडलंय.
मग बराच वेळ काही नाही,
मागे नुसतं कपडे धुण्याचं यंत्र.
कोर्टात जाता येतं, मी सांगितलं. पत्ता दिला.
हे सांगताना आवाज सपाट ठेवायचा असतो.
मला ते जमतं.

जूनमध्ये तो स्वतः आला.
टॉर्बेन, ब्रेमरहाफेनच्या कंटेनर-गोदीवरचा,
रात्रपाळी संपवून थेट.
बुटांवर मिठाचे डाग, केशरी जॅकेट हातावर,
झोपलेलं पोर धरावं तसं.
मी ओळ दाखवली. तो ओळीकडे बघेना.
"हा कागद राहतो कुठे?"
मी मागचं कपाट दाखवलं. करडं, पत्र्याचं, कुलपाचं.
"किती वर्षं?"
निदान दहा, मी म्हणाले. निदान होवो, न होवो.

तो बसला. मुलांच्या खुर्चीत, गुडघे छातीपाशी.
माझा भाऊ, म्हणाला,
आणि माशांच्या टाकीतला पंप ऐकू येऊ लागला.
माझा भाऊ. एकोणनव्वद साल.
त्याला न्यायला वेगळी गाडी यायची, छोटी, पांढरी.
गल्लीतली पोरं भिंतीशी उभी राहून बघायची.
मीही.
भिंतीशी. त्यांच्यात.

लोक मला बरंच सांगून जातात.
उत्तर देणं माझं काम नाही, आत बसतात त्यांचं.
तरी म्हटलं, पांढरी गाडी आता नसते.
खरं तर असते. निळी असते.
तेही सांगितलं,
कारण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"ती बोलली तर लिहून घेणार?"
हो.
"आणि नाही बोलली तर?"
तेही लिहितात.

मग माझा पेनांचा डबा ओलांडून
त्याने मुलांच्या बरणीतली पेन्सिल उचलली,
टोक बोथट, मागची बाजू कुणीतरी चावलेली,
आणि दुसऱ्या ओळीवर नाव लिहिलं.
पूर्ण, आडनावासकट,
पहिलीतल्यासारखं, एकेक अक्षर सुटं.

पेन्सिल चालत नाही.
शाई लागते, निळी किंवा काळी, अर्जावर छापलेलंच आहे.
खोडता येईल असं काही
त्या कपाटात जात नाही.

बाहेर धुकं होतं. भोंगा वाजला, लांब, एकदाच.
तो दाराकडे वळून ऐकत राहिला.
"तिला भोंग्यावरून कळतं," म्हणाला, "कुठलं जहाज ते.
माझ्या कानात सांगते. हळूच."

मी पेन घेतलं.
टोपण काढलं.
त्याच्यापुढे लगेच नाही धरलं.