कूस

रात्र मी लायनीवर मोजतो.
बाराला थ्री फेज येते,
सावळीच्या शिवारात एकेक मोटर खोकत सुरू होते,
आणि कुंदा न बोलता उठते.
डावी कूस.
दोनला मोबाईल वाजतो. उताणा.
चारला काहीच वाजत नाही, तरी ती उठते.
उजवी कूस, गुडघ्यांमध्ये उशी,
टाचा गादीपासून अधांतरी,
जणू पाय अजून कुठंतरी निघालेत.

वायरमनच्या हाताखाली होतो. खांबावरून पडलो
आणि कमरेखालचा फीडर गेला.
ह्याची तक्रार लिहून घेणारं ऑफिस नाही.

वेचणीच्या दिवसांत तिच्या ओटीतून सांडलेलं
बोंडाचं वाळकं टरफल
चादरीवर राहिलं एकदा.
त्याच्यावर रात्रभर निजलो मी, सुखानं.
भरायला चार महिने लागले.

मेश्राम सिस्टर म्हणाल्या,
"लाल होते, हे पुस्तकातल्या लोकाइचं.
आपल्या रंगावर लाल दिसत नाही, बाई.
हाताच्या पाठीनं पाहा,
लेकराचा ताप पाह्यता तसं."

तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्या आधी,
माकडहाडावर कुंदाचा हात.
मी दाढीचा आरसा मागं धरतो.
पस्तीस वर्षं सोबत असलेली पाठ
आत्ता कुठं ओळखीची होतेय.

दिवसा चक्कीजवळ बसून मिक्सर, पंखे दुरुस्त करतो.
दर पंधरा मिनिटांनी चाकांवर हात रोवून
अख्खा वर उचलतो स्वतःला,
मग पुढं वाकतो, छाती मांड्यांवर,
स्क्रू हरवल्यासारखा.
नवं गिऱ्हाईक म्हणतं,
"बसा ना भाऊ, माह्यासाठी कायले उठता?"
मी उठल्याचा मान घेऊन टाकतो.

ह्या आठवड्यात लाईन दिवसाची झाली.
रात्री शिवार गप्प.
मोबाईलही चार्जिंगविना मेलेला.
बारा वाजले असतील, साडेबारा असतील,
मी जागा.
शेजारी कुंदा, दिवसभर पऱ्हाटीत वाकलेली,
तोंड उघडं ठेवून झोपलेली.
एक दिवस, म्हटलं. एकच रात्र.
काय होते एका रात्रीनं?

तेवढ्यात झोपेतच तिनं कूस बदलली.
कोणी सांगितलं नाही, काही वाजलं नाही,
अंगानं अंगाचं ऐकलं
आणि ती वळली.

मी पाहत राहिलो थोडा वेळ.
मग तिच्या दंडाला हात लावला.
"कुंदा," म्हटलं, "मले वळव."