कर्म कुठंय?

महाप्याला चौथ्या मजल्यावर माझं टेबल.
खिडकीतून दिसतं रंगाच्या बंद कारखान्याचं
धूर सोडायचं विसरलेलं धुराडं.

गेले सात महिने माझ्या वाट्याला फक्त तेच इंग्रजी शब्द
ज्यांच्या शेपटीला आयएनजी.
यंत्राने हुडकून दिले सत्तावीसशे चाळीस.
त्यात चुकून एक फ्लेमिंगो आला,
त्याला खाडीकडे परत पाठवला.
बाकीच्यांना एकेक करून समोर बसवायचं, विचारायचं:
बाबा रे, तू स्वभाव आहेस की नुसतं चाललेलं काम?

मेबल डिमेलो मॅडम म्हणाल्या, आधी 'व्हेरी' लावून बघ.
व्हेरी इंटरेस्टिंग, बसलं, विशेषणांच्या पंगतीत पाट मांड.
व्हेरी बार्किंग डॉग म्हणालीस तर
कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबून बघेल तुझ्याकडे.
आणि शब्दापुढे कर्म उभं असेल
तर ते क्रियापदाचं लेकरू, त्याला दत्तक घेऊ नकोस.
तिसरी कसोटी त्या सांगणार होत्या, तेवढ्यात चहा आला.

मला वाटायचं, मराठीने हे भांडण कधीच मिटवलंय.
रडणारं मूल गप्प होतं, रडकं होत नाही.
ऐरोलीला आमच्या वॉचमनचा, तांडेलकाकांचा गुडघा
जिना चढताना दुखणारा
आणि खुर्चीत बसल्या बसल्या दुखरा.

मावशीने माझा बायोडेटा नौपाड्याच्या मंडळात दिला.
उंची, रक्तगट, मंगळ नाही,
आणि शेवटी: हसरी, प्रेमळ.
म्हटलं, मावशी, नोंदीला पुरावा लागतो,
निदान तीन वाक्यं, वेगवेगळ्या वर्षांची.
ती म्हणाली, छापून झालंय.

रविवारी वाशीच्या उडप्याकडे नेरूळचा निनाद खांबेटे.
शर्टाला इस्त्रीची दुहेरी घडी.
म्हणाला, मला अंडरस्टँडिंग मुलगी हवी.
माझ्या तोंडून गेलंच:
काय अंडरस्टँड करणारी? कर्म कुठंय?

तो इडलीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, जूनमध्ये नोकरी गेली.
घरी सांगितलेलं नाही.
रोज डबा घेऊन बेलापूरच्या वाचनालयात जातो,
साडेसहाला परततो, दमल्यासारखा.
हे.

सांबारावर साय धरली.
मी हसरी नव्हते, प्रेमळही नव्हते त्या वेळी,
डब्यात काय असतं एवढंच विचारलं.
दोडका, म्हणाला. आणि आम्ही दोघं हसत सुटलो,
वेटर बिल ठेवून गेला तरी.

सोमवारी यंत्राने अंडरस्टँडिंग पुढे केलं.
मी 'विशेषण' वर खूण केली, काढली,
परत केली. उदाहरणाची जागा रिकामी सोडली.
मॅडम विचारतील.

मंडळाच्या कागदावर दोनच चौकोन: होकार, नकार.
मी समासात लिहिलं, विचार करतेय.
संध्याकाळी मावशीचा फोन:
कसला?