एकाच चौकटीत खूण करा

परिणामकारक अध्यापनपद्धती कोणती:
प्रत्यक्ष, ऑनलाइन, की मिश्र?
एकाच चौकटीत खूण करा.
शुक्रवारपर्यंत हवंय,
असा गावडेकाकांच्या तोंडी निरोप.

मी पेन उघडलं, तर खिडकीतून
वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा बांगडा आत आला,
वासानं.
प्रत्यक्ष वर्गात हा रोज हजर असतो.
कुणी मांडत नाही त्याची हजेरी.

प्रत्यक्ष म्हणजे
एस. वाय. प्राणिशास्त्र, अठ्ठावीस जण,
त्यातले अकरा चार-दहाच्या शिरोडा गाडीकडे
कान लावून बसलेले.
मी मृदुकाय प्राण्यांच्या पायाविषयी बोलते
आणि यांचे पाय बाकाखालून एसटीत चढलेले.
तरी एखाद्या दुपारी
शंख या हातातून त्या हातात जाताना
मागचा बाक एकदम गप्प होतो.
तेवढ्यासाठी एकोणीस वर्षं खडू खाल्लाय.

ऑनलाइन म्हणजे
अठ्ठावीस काळे चौकोन
आणि त्यांच्यापुढे मी, एकटीच उजेडात.
‘ऐकू येतंय का?’
त्या वर्षी इतक्यांदा विचारलं
की झोपेतही विचारायची.
नवरा म्हणायचा, येतंय, झोप.

पण जयराज रेडकर,
जो हजेरीला स्वतःच्या ‘ज’पाशीच अडायचा
आणि पोरं हसायच्या आधी खाली बसायचा,
त्यानं एका रात्री टाइप केलं:
मॅडम, मोती तयार होताना
शिंपल्याला दुखतं का?
बाकांवरून असा प्रश्न कधी आला नव्हता.
मला उत्तर येत नव्हतं.
मी म्हटलं, नेटवर्क गेलं वाटतं.
गेलं नव्हतं.

मिश्र म्हणजे
नऊ जण समोर,
बाकीचे तुळसच्या सड्यावर, काजूच्या बागेत,
एक तर बापाच्या होडीत,
आणि मधोमध माझी मान.
फळ्याकडे वळले की लॅपटॉप बोंबलतो,
लॅपटॉपकडे वाकले की समोरचे नऊ
आपापल्या मोबाइलमध्ये घरी जातात.

तशातच चैताली कांबळीचा माइक चालू राहिला.
मी चित्र दाखवत होते, हा खुबा.
पलीकडे विळीवर काहीतरी खटखट फुटत होतं,
ते थांबलं.
‘गो, तुझ्या बाईंक सांग, ह्यो खुबो न्हय.
खुबो वाटोळो. ही तिसरी.’

नऊ जण हसले. चौकोनही हसले असतील.
मी घरी जाऊन पुस्तक काढलं.
तिसरीच होती.
झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून
अकरा वर्षं मी तिला खुबा म्हणत होते.

पुढच्या गुरुवारी, ओहोटीला,
सगळ्यांना मोचेमाडच्या खाडीत उतरवलं.
जे आले नाहीत त्यांच्यासाठी
मोबाइल एका करवंटीत उभा केला.
चैतालीची आई पायानंच चिखल चाचपत होती,
टाचेला शिंपला लागला की वाकायची.
मृदुकायांच्या पायाविषयी मी त्या दिवशी काही बोलले नाही.

मग जयराज पुढे आला.
‘मो...’ म्हणाला, ‘मो, मो...’
मी मान खाली घातली.
ती चाचपत राहिली, घाई नाही, काही नाही,
जणू त्याचा शब्दही तिथेच कुठे चिखलात आहे
आणि सापडेल.
सापडला. अख्खा प्रश्न विचारला त्यानं.
ती म्हणाली,
‘दुखत आसतला.
पण बोंब मारूक त्येका तोंड खय आसा?’

हे रेकॉर्ड झालेलं नाही.
मी तीनदा ऐकलं. नुसता वारा आहे,
आणि करवंटी कलंडल्यावरचं
बावीस मिनिटं आभाळ.

आज शुक्रवार.
गावडेकाका दारात उभे. ‘मॅडम, खूण?’
‘काका, आज ओहोटी कितीला?’
‘साडेतीनाक,’ म्हणतात ते,
कुठेही न बघता.