हातचा

एकतीस वर्षं मी डबे गुंडाळते.
मातोझिन्योशच्या या कारखान्यात सार्डिनचा डबा
अजून हातानंच कागदात बसतो.
आडवी घडी, उभी घडी, कोपरे आत,
अंगठ्याचा एक दाब, की पुढचा.
घडी कुठे घालायची ते कागदच सांगतो.
म्हणजे, सांगायचा.
गेली सहा वर्षं उजव्या कोपऱ्यात एक हिरवं पान होतं,
त्याच्या देठावर अंगठा ठेवला की घडी सरळ.
पानाखाली छापलेलं: कार्बन शून्य.
ते मी कधी वाचलं नाही. देठ तेवढा बघायचे.

सोमवारी वरच्या ऑफिसातला तेल्मू आला,
मिशी अजून धड फुटलेली नाही,
काखेत ब्रसेल्सच्या नव्या नियमांचा गठ्ठा.
म्हणाला, बेल्मिराबाई, पान काढावं लागणार.
आणि शून्यही.

म्हटलं, शून्य म्हणजे मुळात काही नाहीच.
त्यातून काढायचं काय?

तो हसला नाही.
खोकं ओढून शेजारी बसला
आणि वाया गेलेल्या कागदावर पेन्सिलीनं मांडू लागला:
होड्यांचं डिझेल. बर्फ. बॉयलरची वाफ.
ऑलिव्हचं तेल. आणि सगळ्यांहून वरचढ,
हा पत्रा. माशापेक्षा डबाच महाग पडतो हवेला.
बेरीज: डब्यामागे तीनशे बारा ग्रॅम.

मग शून्य कसं आलं?

हातचे धरले होते, तो म्हणाला, डोंगरात.
बेइराच्या उतारावर आपल्या नावानं झाडं लावली होती.
ती हे सगळं पिऊन टाकणार, असं धरून.

शाळेत सिस्टर फळ्यावर खडू आपटायच्या:
हातचा विसरलात तर खालची बेरीज
दिसते नीटनेटकी, असते चूक.

कुठल्या गावाजवळ, मी विचारलं. त्यानं नाव सांगितलं.
माझा भाऊ अबीलिओ तिथून दोन टेकड्या अलीकडे राहतो.
गेल्या ऑगस्टात त्याचा फोन आला तेव्हा
मागे चर्चची घंटा वाजत होती, प्रार्थनेची वेळ नसताना.
शेळ्यांचे दोर कापले, एवढंच बोलला.
आठवडाभर इथे, समुद्रकाठी,
वाळत घातलेल्या चादरींवर राख येऊन बसत होती.
मी चादरी झटकायचे
आणि कामावर येऊन
हिरव्या पानावर अंगठा ठेवायचे.

हे मी तेल्मूला सांगितलं नाही.
त्याचा काय दोष?
त्यानं तर पेन्सिल उलटी करून शून्य खोडलं.

राहिले जुने कागद. बासष्ट हजार.
जाळावे तर धूर, धुराचा पुन्हा हिशेब.
वर चिठ्ठी चिकटवावी तर चिठ्ठीचं वजन, डिंकाचं वजन.
मालकीणबाई म्हणाल्या, संपवून टाकू हळूहळू, कोण बघतंय?
तेल्मूचे कान लाल झाले, पण पोरगा हटला नाही.
शेवटी गठ्ठे आम्हीच वाटून घरी नेले.
ऑरिंदानं कपाटाच्या फळ्यांवर अंथरले.
माझा नातू पाठकोऱ्या बाजूवर होड्या काढतो,
प्रत्येक होडीला धूर, भरपूर, काळा.

नवा कागद आला.
पान नाही. बारीक अक्षरात ३१२ ग्रॅम,
कशाकशाचे, कुणी मोजले, कुठल्या साली.
तीन दिवस माझ्या घड्या तिरक्या पडल्या.
तपासणीतून डबे परत आले, माझे,
आणि मुली माना खाली घालून गुंडाळत राहिल्या.
चौथ्या दिवशी अंगठ्याला
तीनच्या आकड्याची कंबर सापडली.
आता तिथे दाबते.

अबीलिओला एक डबा पाठवला.
फोनवर त्यानं कागद वाचून दाखवला, मोठ्यानं,
बिनचष्म्याचा, अडखळत, स्वल्पविरामांसकट.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, उतारावर निलगिरी फुटलीय परत.
जळक्या खोडांतून, आपली आपण.
कुणी लावली नाही.
तुझ्या त्या पोराला सांगू नकोस,
मोजायला येईल.