रात्रीचं पाणी

तंबू भाचीचा. निळा, ऑनलाइन मागवलेला,
काड्या अशा की हात सोडला की उसळतात.
एक बेबीच्या चष्म्याला लागली
तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा बोललो आम्ही.
"लागलं का?"
"नाही."

सोमजी कास्देकर मोहाला टेकून पाहत होता.
धुऱ्याच्या वर, नाल्यापासून हातभर उंच
चार तंबूंची जागा त्याच्या बायकोनं
शेणानं सारवून ठेवलेली, अंगणासारखी.
माणशी दोनशे. जेवण वेगळं.
कुटकीचा भात, पिठलं, आणि एक ठेचा
ज्याच्यापुढं बेबीचा अमरावतीचा तोरा
दोन घासांत उतरला.

दिवसभर वैराटच्या अंगानं डोंगर चढलो होतो,
ती पुढं, मी मागं,
गुडघे दोघींचे एकाच आईचे.
सागाची वाळली पानं पायाखाली
पापडासारखी मोडत होती.
एवढा आवाज असल्यावर
कुणी काही बोलायचं कारण नव्हतं.

अकरा वर्षं झाली. कारण सांगितलं तर हसाल.
आईची शिलाई मशीन.

नाला पाहून मात्र मी निराश झाले.
फोटोत वाहता होता.
इथं गोट्यांमधून एक ओली रेघ
चार पावलं जायची आणि विचार बदलायची.
"पाणी कुठी आहे हो?"
"रातच्यानं येते बाई."
"पाऊस नाही, धरण नाही, येते कुठून?"
सोमजीनं काठावरचे उंबर, जांभूळ, अर्जुन दाखवले,
पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे.
"दिवसा हे पेतेत. हे निजले का मंग
नाला आपला चालते."

बेबी एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली.
"असं काही नसते," ती म्हणाली,
पण जेवणानंतर टॉर्च घेऊन खाली गेली,
कपाळावरची टिकली काढली
आणि पाण्याच्या कडेला, एका पांढऱ्या दगडावर
अंगठ्यानं दाबून चिकटवली.
बोडक्या कपाळानं परत येताना
ती आईसारखी दिसली,
आईच्या शेवटच्या वर्षांतल्या.
मी चेन लावत बसले, उगाच, वर-खाली.

किती वाजले होते ठाऊक नाही.
कुंपणापलीकडं भेकर भुंकलं, दोनदा,
मग सोमजीच्या कुत्र्यानं त्याला उत्तर दिलं,
मग काहीच नाही.
त्या काहीच नाहीच्या खालून
कुणी कुजबुजत असल्यासारखं काही.
मला वाटलं, बेबी झोपेत बोलते.
"ऐकू येऊन राह्यलं का?" ती म्हणाली. जागीच होती.
"हो."
बऱ्याच वेळानं, कापडाच्या छताकडं पाहत,
"मशीनचं पायडल तुटलं होतं.
आचलपुरातून जोडून आणलं मी."
पाणी दगडावरून दगडावर.
मी विचारलं, "तेल कोणतं घालतेस?"
"काऊन?"
"आई खोबरेल घालायची. जाम व्हायची ती."
बेबी अंधारात हसली,
नाकातून, लहानपणी देवघरात हसायची तशी,
आणि एक काडी निसटून
तंबू आमच्या पायांवर बसला.
उठून नीट करायला कुणीच उठलं नाही.

सकाळी टिकली चार बोटं पाण्याखाली होती,
लाल, थरथरती, पण जागेवर.
बेबी गुडघ्यांची पर्वा न करता वाकली,
बोटांनी खोली मोजली,
पुन्हा मोजली,
आणि वहीत तपासून सही करावी तसं
पाण्याला म्हणाली, "बरोबर आहे."
सोमजी चहा घेऊन उभा. काही बोलला नाही.
त्यानं हे आधीही पाहिलं असेल,
शिकलेल्या बायकांना वाकताना.

नवाच्या सुमाराला ऊन उंबरावर आलं.
तंबू काही केल्या पिशवीत मावेना.
घडी घातली, गुंडाळी केली, शेवटी
दोघी त्याच्यावर बसलो, हवा निघेपर्यंत,
आणि बसल्या बसल्या दिसलं,
पाणी एका बोटानं उतरलं होतं.
झाडं उठली होती.
"टिकली?" मी विचारलं.
"राहू दे," बेबी म्हणाली. "सोमजीले लागंल मोजाले."