येतो

पुण्यातल्या पहिल्या मुलाखतीला
दार ढकलून विचारलं, "मी आत येतो?"
टेबलापलीकडचे तिघं हसले.
एकानं चष्मा काढून पुसला. "येतो, की येते?"
सी प्लस प्लसचे प्रश्न नंतर.

नोकरी मिळाली. परतीच्या गाडीत
ओठांतल्या ओठांत घोकत होते,
येते, जाते, करते, खाते.
निपाणी गेली, तवंदीचा घाट चढला, संकेश्वर.
घरी पोचले तर आई दारातच,
डबा काखेत, सेकंड शिफ्टची घाई:
"भात झाकून ठेवलोय गं. मी जातो."

उद्यमबागेत, तिसऱ्या फाटकापलीकडं,
बत्तीस वर्षं कोअर शॉपमध्ये होती ती.
लोखंड जिथं शिरायचं नाही
ती जागा आधी वाळूनं भरून धरायची,
एवढंच काम.
ओतून झालं की वाळू झाडून टाकतात.

अकरा वर्षं मी चुकले नाही.
टेस्टर, टीम लीड, मॅनेजर.
गावचा फोन आला की बाल्कनीत जायचे,
दार लावून घ्यायचे.

मग लेथच्या दुकानावरची एक खोली,
जिथं खालची मशीन सुरू झाली की
चहाचा कप आपोआप टेबलाच्या कडेला सरकायचा.
हिशोबाला शिवलीला, अथणीची, कॉलेजातली.
पहिलं गिऱ्हाईक बिर्जे फाउंड्री.
बिर्जे माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिले:
"साहेब गाडी लावाला गेलेत काय?"
रिक्षानं आलेय, म्हटलं.

भट्टीपाशी कोण टाइप करणार?
हातमोजे, धूर, कपाळावरचा घाम डोळ्यांत.
माणसानं बोलावं, यंत्रानं लिहून घ्यावं,
कुठल्या साच्यात भोकं, कुठला माल परत.
पण माणूस इथं एका भाषेत बोलतोय कुठं?
"वाळू अजून हसी हाय, स्वल्प थांब."
यंत्रानं पहिल्या दिवशी लिहिलं:
वाळू अजून हसत आहे.
आम्ही दोघीही हसलो, मग रात्रभर जागलो.

आईकडं माईक नेला.
ती बोलली तासभर, भराभर, कोअर भरावेत तसं.
शेवटी म्हणाली,
"कितीला विकालीस माझा आवाज?"
मला उत्तर आलं नाही.
त्या रात्री दर ठरवला, बोलणाऱ्या प्रत्येक बाईला,
शॉपच्या तासापेक्षा जास्त.
शिवलीलानं वही उघडली, काही बोलली नाही,
स्वतःच्या पगारावर रेघ मारली.

पैसे लावणारे बंगळुरातून पडद्यावर आले.
त्यांच्या तपासनिसाचा अहवाल:
आवाज स्त्रीचा, क्रियापद पुल्लिंगी.
त्रुटी सतरा टक्के.
यंत्रानंच दुरुस्त करून घ्या, मग सही करू.

मी गप्प. कानांत तिघांचं हसू.
शिवलीला पेन खाली ठेवून म्हणाली,
"आमच्यात 'बर्तीनि' म्हणतात.
गंडसू तेच म्हणतो, हेंगसू तेच.
त्यात फक्त येणारा असतो.
शेजारी राहून ह्यांच्या मराठीला तेवढं लागलं,
त्यात काय दुरुस्त करायचं?"

रकान्यातला 'त्रुटी' शब्द मी खोडला.
पैसे चार महिन्यांनी आले, दुसऱ्याच कुणाचे,
आणि त्या चार महिन्यांत
आईच्या बांगड्या दोनदा बँकेत जाऊन आल्या.

आता चौसष्ट खुर्च्या आहेत.
एक नोव्हेंबरला शटर अर्धंच उघडतो आम्ही,
बाकी वर्षभर पूर्ण.
नवीन पोरी मुलाखतीला येतात, खानापुरातून, चिकोडीतून,
दारात अडखळतात,
जिभेवर आलेला शब्द गिळून दुसरा काढतात.
मी ऐकलंच नाही असं दाखवतो.
बस म्हणतो. पाणी देतो.

रात्री दिवे बंद करून खाली उतरतो.
ईरप्पा गेटाची साखळी हातात घेऊन उभा.
"जातो रे. उद्या लवकर येतो,
बिर्जेंचा माल बघायचाय."
"हूं री, मॅडम."