कमाल

परभणीत मे महिन्यात
संध्याकाळी साडेपाचला मी पेटी उघडतो.
पांढरी, झरोक्यांची, चार पायांवर उभी,
शेळीसारखी.
आतला पारा जिथवर चढून थांबला
तो आकडा नोंदवहीत उतरवतो:
पंचेचाळीस पॉइंट आठ.
उद्या पेपरात ह्यालाच कमाल म्हणतील.
माझी मायही म्हणायची, "कमाल हाय बाबा तुझी",
पण ते मी न जेवता झोपलो की.

फाटकाबाहेर टरबूजवाला म्हणतो, मरणाचं ऊन.
त्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा,
आणि त्याला दशांश नाही.

सहाला शेजारची तहमीना येते.
पुढच्या साली दहावी. आज धडा टोकाच्या बोलण्याचा.
स्टोन डेफ: दगडासारखा बहिरा.
"आपल्यात ठार बहिरा. सर, त्याला मारलं कुणी?"
बोन ड्राय: हाडाइतकं कोरडं.
आपलं कोरडंठाक.
"ठाक म्हणजे?"
शब्दकोशात पाहिलं नव्हतं, खरं सांगतो.
म्हटलं, रांजणाच्या तळाला तांब्या लागतो
तेव्हा आवाज येतो ना, तो असेल.
तिला पटलं. त्यांच्या गल्लीत
नळ अकराव्या दिवशी येतो,
हा आवाज तिला तोंडपाठ.

मग वहीच्या मागच्या पानावर
तिनं असल्या शेपट्या गोळा करायला घेतल्या:
कुट्ट, फटक, ढाण, चिंब, बंब.
एकट्या कुठं म्हणून न जाणाऱ्या.
कुट्ट एकटा बाजारात गेला
तर कुणी ओळख तरी देईल का?
बंब तेवढा ओळखीचा निघाला, चुलत्याच्या न्हाणीतला, तांब्याचा,
पण उघड्या माणसाच्या मागं तो का लागला
मला सांगता आलं नाही.
"आन् डेड शुअर? खात्री मेल्यावर पक्की होते?"
म्हटलं, परीक्षेत येत नाही ते सोड.

पिच डार्क.
इथं मी जरा सावरून बसलो. हा मला येत होता.
पिच म्हणजे डांबराचा भाऊ.
जुन्या काळी झाडाच्या चिकापासून उकळायचे,
जहाजांच्या फटीत भरायचे.
अंधार तेवढा काळा.
तिनं पेन खाली ठेवला.
"डांबर तेवढं काळं नसतं सर.
उकळताना चकाकतं.
अब्बूच्या कढईत आभाळ दिसतं."

सातला गफूरभाई तिला न्यायला आले.
जिंतूर रोडचं काम चालू आहे.
पायांना गोणपाट गुंडाळलेलं, भुवया अर्ध्या.
त्यांच्या कढईशेजारी कुणी पेटी उभी केलेली नाही.
मी विचारलं, कसं काय आज ऊन?
पाण्याचा दुसरा तांब्या संपेस्तोवर
ते काही बोलले नाहीत.
मग मिशी पुसली.
"हौ साब. थोडी थी."

तहमीनानं माझ्याकडं पाहिलं.
तिला बहुतेक ह्याचं इंग्रजी हवं होतं.

रात्री नोंदवही परत काढली.
शेऱ्याच्या रकान्यात आम्ही लिहितो
धुळीचं वादळ, गडगडाट, निरभ्र.
तिथं पेन्सिलीनं लिहिलं
थोडी थी.
सोमवारी तपासणीला साहेब येणारेत.
खोडरबर टेबलावरच आहे.